अपडेट काही होईना

बेकरीचं शटर अर्धं ओढून ती मागच्या खोलीत आली, हातावरचं पीठ झटकलं आणि कॉम्प्युटरसमोर बसली. रविवारी दुपारी ती आणि तिचा दादा मिळून आगगाडी चालवायचे. खरी नव्हे, गेममधली. दादा दुसऱ्या शहरात राहायचा. कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढता काढता निवृत्त झालेला. तो ड्रायव्हर, ती गार्ड. एरवी फोनवर दोघांचं बोलणं ‘बरंय ना, बरंय’च्या पुढे जात नसे. पण गाडी सुटली की गप्पांना ऊत यायचा.

आज गाडी सुटायलाच तयार नव्हती. दादाने सिग्नलचा मॉड अपडेट केला होता. मॉड म्हणजे हौशी लोकांनी मूळ गेमला दिलेली जोड. कुणी नवं इंजिन बनवतं, कुणी सिग्नल. दोघांकडे त्याची एकच आवृत्ती असेल तरच एकत्र खेळता येतं. तिने अपडेटचं बटण दाबलं की तोच लाल चौकोन यायचा: सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.

“राउटर बंद करून चालू कर,” फोनच्या स्पीकरवरून दादा म्हणाला.

“केला. फोनवर नेट घोड्यासारखं पळतंय.”

“अँटीव्हायरस अडवत असेल.”

तोही थोडा वेळ बंद करून झाला. गेम बंद करून पुन्हा उघडून झाला. लाल चौकोन ढिम्म.

“दादा, या मॉडवाचून आपलं काही अडलंय का? काढून टाक ना. जुन्यावरच खेळू.”

“नाही. हाच पाहिजे,” तो एकदम तुटक बोलला. मग जरा मऊ आवाजात म्हणाला, “फोटो पाठव बघू स्क्रीनचा.”

तिने फोटो पाठवला.

“हललाय गं फोटो. काही कळत नाहीये.”

तिने फोटो पुन्हा पाहिला. अक्षर न् अक्षर स्वच्छ होतं. तिला जरा नवल वाटलं.

“थांब, वाचून दाखवते. खाली ‘तपशील’ म्हणून बारीक लिहिलंय. ‘सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र अद्याप वैध नाही.’”

“काय म्हणालीस? मुदत संपली म्हणतंय?”

“संपली नाही. अद्याप वैध नाही.”

“अद्याप!” दादा हसला. “अगं ठमे, म्हणजे तुझ्या मशीनला ते प्रमाणपत्र पुढच्या काळातलं वाटतंय. तारीख बघ कोपऱ्यात.”

तिने पाहिलं. कॉम्प्युटर कितीतरी वर्षं मागे जाऊन बसला होता. याच आठवड्यात खोलीला रंग दिला, तेव्हा सगळ्या वायरी काढून ठेवल्या होत्या.

“आतला बटणासारखा सेल मेलाय तुझा,” दादा म्हणाला. “वीज गेली की घड्याळ विसरतं. तो बदलून घे. आता तारीख हाताने लाव.”

तिने तारीख लावली, बटण दाबलं. हिरवी पट्टी सरसर पुढे सरकली आणि अपडेट झालं.

गेम उघडला. स्टेशन तेच, इंजिन तेच. पण फलाटाच्या टोकाचा सिग्नल आता ताटाएवढा मोठा दिसत होता. दादाने गाडी हलवली, तसा एक बाईचा आवाज खणखणीत म्हणाला, “पुढचा सिग्नल पिवळा. वेग कमी करा.”

तिचा हात माऊसवरच थांबला.

“दादा, फोटो हललेला नव्हता.”

गाडी आपली चालत राहिली.

“कधीपासून दिसत नाहीये तुला?”

“दिसतं गं. बारीक तेवढं धुरकट येतं.”

“वहिनीला माहीत आहे?”

“चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणालो.” तो थांबला. “जन्मभर केसाएवढ्या रेघा मारल्या मी. आता डॉक्टरने तोंडावर सांगितलं की संपलं सगळं, तर? म्हणून गेलोच नाही.”

तिला त्याच्यावर खेकसावंसं वाटलं. लहानपणी ती खेकसायचीच. पण समोर पिवळा सिग्नल आला, आणि त्या आवाजाच्या आधी तीच म्हणाली, “पिवळा आहे, दादा. हळू घे.”

त्याने वेग कमी केला. शेवटचं स्टेशन येईपर्यंत ती प्रत्येक सिग्नल सांगत राहिली, आणि तोही निमूट ऐकत गेला. गाडी थांबल्यावर ती म्हणाली, “उद्या बेकरी बंद ठेवून येते. तू आणि मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय.”

“अगं, पण तुझी गिऱ्हाइकं...”

“एक दिवस शिळा पाव खातील. वहिनीला मात्र आज तू सांगायचंस.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत औषध घातलं, बराच वेळ यंत्रातून पाहिलं आणि म्हणाल्या, “मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. शस्त्रक्रिया करून टाकू. मागचा पडदा उत्तम आहे, नजर चांगली येईल. एवढे दिवस काढलेत कसे?”

दादाने नुसती मान खाली घातली. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. मग त्याच्याकडे असं काही पाहिलं की घरी गेल्यावर त्याची धडगत नव्हती.

बाहेर पडले तेव्हा औषधामुळे त्याला उजेड सहन होईना. जिन्याशी तो घुटमळला. बहिणीने एक कोपर धरलं, वहिनीने दुसरं.

“पायरी आहे,” बहीण म्हणाली.

“कळतंय गं,” तो म्हणाला, आणि पाऊल खाली टाकलं.