विंचवावरचा आळ

बेलापुरात सूर्यभान मिस्त्रीच्या गॅरेजला गाडी लावायची तर घरून डबा घेऊनच जावं, असं लोक गमतीने म्हणत. माणूस एक नट तीनदा आवळायचा. आवळून झाला की फडक्याने पुसायचा, पुसून झाला की पुन्हा पाना लावून बघायचा, आणि गाडी फाटकातून बाहेर निघाली की "ओ, थांबा थांबा!" करत तिच्यामागे धावायचा. गिऱ्हाईक वैतागायचं. पण त्याच्या हातून गेलेल्या गाडीचा साधा स्क्रूसुद्धा कधी ढिला झाला नाही, म्हणून वैतागून झालं की पुन्हा त्याच्याच दारात यायचं.

आणखी एक खोड होती. खंडेनवमीला रस्त्यावरची सगळी गॅरेजं हत्यारं धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूच्या माळा घालून बसत. सूर्यभान त्या दिवशी कुलूप लावून प्रवरेच्या काठी एकटा जाऊन बसायचा. चांगला माळकरी बापाचा पोरगा, त्याला पूजेचं असं वावडं का, हे कुणाला कळत नव्हतं. विचारलं तर तो मूग गिळून बसायचा.

खरं सांगायचं तर तो आवाजाला भ्यायचा. दरवर्षी घट बसले की भर दुपारी, रस्ता उन्हाने सुस्तावलेला असताना, लांबून एक फियाट येताना ऐकू यायची. साध्या फियाटचा आवाज नव्हता तो. खोल, घशातून आल्यासारखा, गियर बदलताना मध्येच फट्ट करणारा. आवाज जवळ यायचा, गॅरेजच्या दारात येऊन थांबायचा, आणि मग सूर्यभानच्या अगदी कानाशी कुणीतरी विचारायचं, "झालं का टाईट?" तो बाहेर जाऊन बघायचा, तर रस्ता मोकळा. हा आपल्या डोक्याचा खेळ आहे अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. पण एका वर्षी शेजारचा चहावाला पुंजाराम किटली घेऊन आत आला आणि म्हणाला, "मिस्त्री, फियाट आली जनू. आत्ता तर दारात थांबली. कुटं गेली?" त्या दिवशी सूर्यभानच्या हातातला कप पडला. नंतर दोन दिवस गॅरेज उघडलं नाही.

तो आवाज ज्या सायलेन्सरचा होता, तो सूर्यभानने स्वतःच्या हाताने बसवला होता. आणि ती गाडी बारा वर्षांपूर्वी मिरजगावच्या पुढे एका चिंचेवर आदळून फुटली होती. गाडीत त्याचे वस्ताद होते, रंभाजी.

रंभाजी वस्तादांचं गॅरेज मिरजगावात नगर-सोलापूर रस्त्याला होतं. तरुणपणी त्यांनी मुंबईला एका पारशी शेठच्या गॅरेजात काम केलं होतं. त्या शेठला गाड्यांच्या शर्यतींचा नाद, आणि तिथेच वस्तादांना इटलीच्या अबार्थ नावाच्या गाडी-कारागिराचं वेड लागलं. दुपारी जेवणं झाली की ते पोरांना गोळा करून अबार्थची कहाणी सांगायचे. सांगताना स्वतःच्या भावकीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

"एकोनपन्नास साली त्यानं धंदा मांडला," ते सांगत. "जवळ मोठा कारखाना न्हाई, काय न्हाई. सायलेन्सर करून इकायचा. फियाटची बारकी गाडी घ्यायची, तिचं पोट उघडायचं, कारबोरेटर बदलायचा, पाईप बदलायचा, आन मोठ्या गाड्यांच्या संगं पळवायची. बारक्या गाडीनं मोठ्यांना मागं टाकलं, ध्यानात घ्या! मानूस वृश्चिक राशीचा, म्हनून गाडीवर विंचू लावला. पुढं एकाहत्तर साली सगळं फियाटलाच इकून टाकलं त्यानं. आता निस्तं नाव उरलंय. पन आवाज ऐकाल तर इसरनार न्हाई."

बारक्या गाडीने मोठ्यांना मागे टाकलं, हे वाक्य ते दोनदा म्हणायचे. ज्या माणसाच्या बापाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, ज्याने छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेची ती गर्दी पाहिली होती, त्याला त्या वाक्यात काय दिसत होतं ते पोरांना तेव्हा कळलं नाही. सूर्यभानला नंतर कळलं, आणि नंतर कळण्याचा काही उपयोग नसतो.

वस्तादांकडे स्वतःची बासष्ट सालची फियाट होती. तिच्यासाठी अबार्थचा जुना सायलेन्सर आणि लाल-पिवळ्या ढालीवरचा काळ्या विंचवाचा बिल्ला ते तीन वर्षं शोधत होते. चौऱ्याऐंशी साली घटस्थापनेला मुंबईहून पार्सल आलं. बिल्ला त्यांनी त्याच दिवशी बसवला. गावातल्या म्हाताऱ्या नाक मुरडून म्हणाल्या, दारात विंचू कुणी लावतं का! वस्ताद हसले. शकुन-अपशकुन त्यांनी कधीच झटकून टाकले होते.

सायलेन्सरचा पाईप मात्र आडवा येत होता. तो बसवण्यासाठी सूर्यभानने स्टिअरिंगचा रॉड सोडवला. काम दोन दिवस चाललं. खंडेनवमीच्या आदल्या रात्री पाईप बसला, सकाळी रॉड जागेवर आला, आणि सूर्यभानने त्याचा नट बोटांनीच फिरवून ठेवला. पाना नव्हता. सगळे पाने, पकडी, हातोड्या त्याने पहाटेच धुऊन पोत्यावर मांडल्या होत्या, हळदकुंकू वाहून झालं होतं. आता दसऱ्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. वस्तादांच्या घरी ही पूजा नव्हती, पण दरवर्षी ते म्हणायचे, "हत्यारं माझी आसली तरी आजच्या दिस तुझ्या देवाची. कर मनासारखी." गाडी तरी आज कुठे हलणार आहे, तिलाही माळ घातलीय, उद्या संध्याकाळी आवळू नट, तो सुटू नये म्हणून पिनही घालू, असा सूर्यभानचा हिशेब.

दुपारी वस्ताद आले. सायलेन्सर बसलेला बघून त्यांच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखं हसू आलं. "एक चक्कर टाकून येतो. आवाज तर ऐकू." मग रॉडकडे बोट दाखवून म्हणाले, "झालं का टाईट?"

सूर्यभान बावीस वर्षांचा होता. नाही म्हटलं तर पूजेतला पाना उचलावा लागणार. त्यातून अर्धवट काम टाकून पूजा मांडल्याबद्दल बोलणी खावी लागतील ती वेगळीच. "व्हय वस्ताद," तो म्हणाला, आणि पणतीत तेल घालायच्या निमित्ताने आत गेला. बाहेर येईपर्यंत गाडी सुरू झाली होती. त्या आवाजाने त्याच्या अंगावर काटा आला, इतका तो आवाज देखणा होता. हाक मारायला तोंड उघडलं, पण तोवर गाडी वळणापलीकडे गेली होती.

पोलिसांनी पंचनाम्यात भरधाव वेग लिहिला. गावाने विंचू लिहिला. गावाला कारण लागतंच, आणि ते खऱ्यापेक्षा सोयीचं असलं तर जास्त चालतं. "विंचू लावून हिंडत हुता, डसला शेवटी," असं अंत्यविधीच्या वेळी कुणीतरी म्हणालं, आणि सूर्यभानने मान हलवली. नुसती मान. त्या हलवलेल्या मानेची शरम त्याला खोट्या होकारापेक्षाही जास्त वाटायची. महिन्याभरात त्याने मिरजगाव सोडलं.

वस्तादांच्या बायकोने, भागिरथीने, पोलिसांचंही ऐकलं नाही आणि विंचवाचंही. तिने दोष दिला तो नवऱ्याला. आठ वर्षांची पोर घरात असताना आवाजाच्या हौसेपायी मरणारा माणूस, असं ती त्याच्याबद्दल बोलायची. घरात बाबासाहेबांची तसबीर होती, बुद्धाची मूर्ती होती, नवऱ्याचा फोटो मात्र तिने बारा वर्षांत लावला नाही. हे सूर्यभानच्या कानावर यायचं. त्याला रात्रंदिवस खात होतं ते हेच. वस्ताद मेले हे एक, आणि ज्या घरासाठी ते राबले त्या घरातच त्यांच्या नावाला असा बट्टा लागला हे दुसरं. तो बट्टा पुसणं एका माणसाच्या हातात होतं, आणि तो माणूस बेलापुरात नट आवळत बसला होता.

शहाण्णव सालच्या पितरपाटात गॅरेजच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. "जय भीम, दादा. ओळखलं का? मी जयमाला, रंभाजी मिस्त्रीची."

सूर्यभानला बसायला स्टूल सापडेना. जयमाला नगरला डिप्लोमाला होती, गाड्यांच्याच. तिने सांगितलं, रस्ता रुंद होतोय, पत्र्याचं शेड पाडायचंय, सोमवारी भंगारवाला येऊन फियाट घेऊन जाणार आहे. "त्याच्याआधी मला गाडी खालून बघायचीय. कॉलेजात सरांना विचारलं. ते म्हणाले, सायलेन्सर बदलला म्हणून गाडी रस्ता सोडत नाही. मग का सोडला? पप्पांच्या हाताखालचे तुमीच होता. याल का?"

नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. सोमवारी सगळं भंगारात गेलं असतं, आणि सूर्यभान जन्मभर सुटला असता. तेवढ्यात लांबून तो आवाज आला. अजून घट बसायचे होते, तरी आला. जवळ आला, दारात थांबला. जयमालाने काही ऐकलेलं दिसलं नाही. सूर्यभानने कानाशी येणाऱ्या प्रश्नाची वाट पाहिली. या खेपेला कुणी काही विचारलं नाही. ते त्याला सोसलं नाही. "येतो," तो म्हणाला.

शेडमध्ये फियाट तशीच होती. डावा दिवा आत गेलेला, टपावर कोंबड्यांची घाण, आणि ढालीवरचा विंचू धुळीखाली शाबूत. भागिरथी दाराशी सुपात मटकी निवडत बसली होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "सूर्या, बारा वर्सांनी वाट सापडली व्हय रं?" तो तिच्या पाया पडला.

तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. जयमाला बॅटरी धरून शेजारी वाकली. रॉड लोंबत होता. नट नव्हता. नसणारच, हे त्याला बारा वर्षं ठाऊक होतं. पण पिनेच्या भोकात काहीतरी होतं. त्याने बोटाने गंज खरवडला. बांधायची तार होती. भोकातून ओवलेली, पीळ घातलेली, आणि ओढ बसून तुटलेली. पीळ डावीकडे होता. वस्ताद डावखुरे होते. त्यांनी बांधलेलं सोडवताना गॅरेजातली पोरं दरवेळी उलटं फिरवायची आणि शिव्या खायची. आणि तो पीळ पकडीने घातलेला नव्हता. पकड पूजेत होती. बोटांनी घातला होता, जमेल तेवढा.

म्हणजे सूर्यभान आत पणतीत तेल घालत होता तेव्हा वस्तादांनी वाकून पाहिलं होतं. खोटं त्यांना कळलं होतं. चार हातांवर हळदकुंकवाचा पाना होता, त्यांचा स्वतःचा, आणि त्यांनी तो उचलला नाही.

"काय झालं, दादा?" जयमालाने विचारलं. तार बोटात होती. हिसका दिला असता तर निघून आली असती. सूर्यभानने हात काढून घेतला. "तू बघ आधी," तो म्हणाला, "मग सांगतो."

त्याने सगळं सांगितलं, भागिरथीच्या समोर जमिनीवर बसून. नट, पूजा, "व्हय वस्ताद", हलवलेली मान आणि ती तार. सांगताना तो रडला. आपल्याला शिव्या घालाव्यात, सूप फेकून मारावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. "वस्तादांची चूक न्हवती, वहिनी. वेग न्हवता. माझं पाप हाय. तुमी त्यांचा फोटो लावा."

भागिरथीने सूप खाली ठेवलं. तिने गाडीकडे बघितलं.

"तार त्येनंच बांधली?"

"व्हय."

"मंजी ढिलं हाय, ह्ये त्येला दिसलं हुतं."

"व्हय, वहिनी."

"आन पाना?"

"तितंच हुता. माझी पूजा मोडू न्हाई म्हनून न्हाई उचलला त्यांनी. मला खोटं पाडायचं न्हवतं त्यांना."

"थांबला बी न्हाई. एक दिस."

जयमाला आईशेजारी येऊन बसली होती, तिच्या हातात अजून पेटती बॅटरी होती.

"बारा वर्सं मी म्हनत हुते, त्येला आंधळा नाद हुता, काय दिसलंच न्हाई त्येला," भागिरथी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आज तू सांगतोस, समदं दिसलं हुतं. बगून सवरून बसला. तुझं मन राखलं त्येनं, सूर्या. घरात मी हुते, ही आट वर्सांची हुती. आमचं कुनी राखायचं हुतं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. उत्तर मिळेल म्हणून.