कापूस कोंबलेली घंटी

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. शाळा सुटल्यावर वाजते ती नव्हे आणि सायकलच्या दांडीवरची तर नव्हेच नव्हे. मांजराच्या गळ्यात बांधतात ना, तसली मी. चिंचोक्यापेक्षा जराशी मोठी, पितळेची, पोटाखाली एक बारीक चीर असलेली.

एका लहानशा कारखान्यात पत्र्याच्या दोन इवल्या वाट्या ठोकल्या गेल्या. एकीत लोखंडाची गोळी टाकली, दुसरी तिच्यावर उपडी घातली आणि कडा दाबून टाकल्या. झाला माझा जन्म! गोळी मात्र आत राहिली ती राहिलीच. चिरेतून तिला उजेड दिसतो, वारा लागतो, पण बाहेर पडता येत नाही. ती बिचारी सुटायला धडपडते, भिंतींवर डोकं आपटते आणि लोक म्हणतात, "अय्या, किती गोड आवाज!" माझ्या गोड आवाजाची गोष्ट ही अशी आहे.

पुढे मी बॅगवाल्या काकांच्या दुकानात आले. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक स्टूल आणि तुटलेल्या बॅगांचा डोंगर! त्या डोंगरामागच्या बरणीत चेन, बकलं आणि बटणांच्या गर्दीत मी कितीतरी दिवस पडून होते. मग एकदा तिसऱ्या मजल्यावरची आई आपल्या लेकीचा हात धरून खाली उतरली. लेकीचे डोळे रडून लाल झाले होते.

त्यांच्या घरी भुरी नावाची मांजर होती. रंगाने राखाडी, स्वभावाने लाडावलेली. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खुंटीवर बुलबुलांनी घरटं बांधलं होतं. लेक रोज स्टुलावर चढून पिल्लं बघायची. त्यातलं एक पिल्लू भुरीने त्या सकाळी आणून दारातल्या पायपुसण्यावर ठेवलं होतं. ठेवलं आणि जणू बक्षीस मागावं तशी शेपटी उभी करून बसली.

बाबा म्हणाले होते, "ती मांजर आहे. मांजरासारखीच वागणार."

"मग आपण माणसांसारखं वागू या," आई म्हणाली होती. "पिल्लांना निदान कळू तरी दे, ही आली म्हणून."

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका जुन्या बॅगेचा चामडी पट्टा कापला. "वहिनी, बक्कल नको. बक्कल सुटतं. मी रिव्हेटच मारून देतो, न निघणारी खिळी. मांजर म्हातारी होईल, दात पडतील तिचे, पण हा पट्टा जागचा हलायचा नाही!"

सगळे खूश झाले. मीसुद्धा. बरणीतून सुटका झाली म्हणून मी इतकी हरखले की भुरीकडे माझं लक्षच गेलं नाही. लेकीने तिला मांडीत दाबून धरलं होतं. पकडीने रिव्हेट दाबला गेला, आणि भुरी अंग चोरून अशी बसली की जणू तिचं अर्धं मांजरपण कुणी काढून घेतलं.

पहिले काही दिवस ती उलटी चालायची. मागे मागे सरकत जायची, म्हणजे मी पुढे राहीन आणि ती माझ्यातून बाहेर पडेल! लेक पोट धरधरून हसायची. मला हसू येत नव्हतं. मित्रांनो, भिंतीपलीकडे पाल सरकली तरी मांजराला ऐकू येतं. अशा कानांखाली मी दर पावलाला किणकिणत होते. तुम्ही खाताना, खेळताना, डोकं खाजवताना कुणीतरी तुमच्या कानाशी चमचा वाजवत राहिलं, तर कसं वाटेल तुम्हाला? ती माझ्यात अडकली होती, मी तिच्या गळ्यात अडकले होते, आणि गोळी माझ्या पोटात. एकात एक अशा आम्ही तिघी!

पण खोटं कशाला बोलू? माझा उपयोग झाला. मी वाजले की बुलबुल भुर्रकन उडून समोरच्या तारेवर जाऊन बसायचे आणि तिथून भुरीला अशा शिव्या द्यायचे, की घरचं कुणीतरी धावत येऊन तिला आत न्यायचं. उरलेली पिल्लं मोठी होऊन उडाली. शेजारणी म्हणू लागल्या, "छान युक्ती काढलीत हो." लेक अभिमानाने माझ्यावरून बोट फिरवायची. हळूहळू भुरीही मला सरावली. झोपताना हनुवटी माझ्यावर टेकवायची. तिच्या घुरघुरण्याने माझा पत्रा थरथरायचा. तेवढंच आमचं सुख.

मग घरात बाळ आलं आणि लेकीची ताई झाली.

काय सांगू त्या बाळाचं! बाबांची शिंक, शेजारचा मिक्सर, साधी पिशवी चुरगळली तरी टक्क जागं. बाळ जागं की आई जागी. आईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. ती उभ्या उभ्या डुलक्या काढायची. बाळाला थोपटून, श्वास रोखून, चवड्यांवर चालत ती दारापर्यंत पोहोचावी आणि नेमकी भुरी आळस देऊन उठावी. किणऽ! की घेतला सूर बाळाने.

"ती घंटी काढून टाक ना," बाबा म्हणाले.

"रिव्हेट आहे तो. आणि गॅलरीत पुन्हा अंडी घातलीत बुलबुलांनी."

बाबांनी डोकं लढवलं. आईच्या केसांतली पिन घेतली, कापसाची बारीक वात केली आणि माझ्या चिरेतून आत कोंबली. आणखी कोंबली. मग भुरीला उचलून हलवून पाहिलं. हूं नाही की चूं नाही.

"बघा! पट्टाही राहिला, शांतताही झाली."

"पण बाबा," ताईने विचारलं, "वाजायचं नाही तर घंटी कशाला?"

"शोभेला!"

आई हसली. किती दिवसांनी हसली असेल! म्हणून तिचा मला राग आला नाही. बाळ त्या दुपारी गाढ झोपलं आणि आई त्याच्याशेजारी, हातातला लंगोट घडी करता करताच झोपली. पण माझं काय झालं ते ऐका. माझ्या पोटात आधीच एक कैदी होती. आता तिचे हातपायही बांधले गेले. पक्ष्यांसाठी मी मुकी झाले आणि भुरीच्या गळ्याला मात्र तशीच आवळलेली राहिले. तशी नव्हे, जास्तच. पट्टा बांधला तेव्हा भुरी कोवळी होती, आता चांगली भरली होती. गळ्याशी बोट घालून कुणी पाहिलंच नाही. बाळाच्या घरात मांजराचा गळा कोण बघत बसणार?

एका दुपारी आईने पलंगाची फळी उचलली. त्यांचा पलंग पेटीचा होता. वर गादी आणि फळीखाली पांघरुणं ठेवायची मोठी जागा. आई आतून दुपटं काढत होती. तेवढ्यात पाळण्यातून बाळ रडलं आणि ती तिकडे धावली. भुरीला मऊ पांघरुणांचा वास आला. तिने टुणकन आत उडी मारली आणि खालच्या कोपऱ्यात, दुलईच्या घडीत शिरली. आई बाळाला खांद्यावर घेऊन परत आली. एका हाताने फळी लोटली, गादी सारखी केली, बाळाला वर निजवलं.

आत मिट्ट काळोख झाला. भुरीला काही वाटलं नाही, ती झोपून गेली. जाग आली तेव्हा हवा कोंदट झाली होती. ती उठली, डोक्याने फळी ढकलून पाहिली. फळीवर गादी, गादीवर आई आणि बाळ. भुरी मागच्या पायांवर उभी राहून धडका देऊ लागली, पण त्या जाड गादीतच जिरत होत्या. फळीच्या आतल्या बाजूला एक लोखंडी आकडा होता. तिसऱ्या की चौथ्या धडकेला तो पट्ट्याखाली शिरला.

भुरी खाली यायला गेली आणि लटकली.

मागच्या पायांची बोटं तेवढी दुलईला टेकत होती. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण गळाच आवळलेला. पट्टा तुटेना. काकांनी सांगितलं होतंच की हलायचा नाही म्हणून. ती झटके देत होती, मी गदगदा हलत होते आणि माझ्यातून आवाज म्हणून येत नव्हता. मित्रांनो, ओरडायचं एकच काम ज्याला येतं, त्याच्या तोंडात बोळा असावा आणि समोर आपलं माणूस गुदमरत असावं! मला दुसरं काहीच येत नव्हतं हो.

वरचं सगळं ऐकू येत होतं. ताई शाळेतून आली. दप्तर टाकल्याचा आवाज.

"आई, भुरी कुठंय?"

"शूऽऽ! आत्ताच झोपलंय बाळ. असेल गच्चीवर."

"नाहीये. मी बघून आले."

"मग जिन्यात असेल. भूक लागली की येईल, राणी. हळू बोल."

ताईची पावलं दाराकडे गेली. भुरीची धडपड मंद होत चालली होती.

मग तिने मागचा एक पाय उचलला. खाज सुटल्यावर मांजरं गळा खाजवतात ना, तसा. पंजा माझ्यावरून घसरला. पुन्हा आला. या वेळी नख चिरेत शिरलं आणि कापसाचा धागा ओढत बाहेर आलं. पुन्हा. आणखी एक पुंजका. गोळी जराशी सैल झाली. मी सगळा जीव एकवटला.

किण.

एवढंच. पण फळीला लागून वाजले, त्यामुळे बरोबर बाळाच्या कानाखाली. बाळ दचकलं आणि त्याने जो टाहो फोडला!

"आलीस का नेमकी!" आई कळवळून म्हणाली. "थांब, आज ती घंटीच कापून टाकते. कुठंयस गं?"

तिने दाराकडे पाहिलं असेल, खुर्चीखाली पाहिलं असेल. भुरी कुठेच नव्हती. मी पुन्हा वाजले. बाळ रडत होतं तरी आई वाकली आणि तिने गादीला कान लावला. आणि मग तिची किंकाळी ऐकू आली, "ताईऽऽ! धाव!"

बाळाला तिने खाली चटईवर ठेवलं. गादी ओढून फेकली, फळी उचलली. पण फळीबरोबर भुरीही वर उचलली गेली, आकड्याला टांगलेली! आईने फळी झटकन खांद्यावर तोलली, वाकली, आणि दुसऱ्या हाताने भुरीचं पोट खालून धरलं. आता तिचा एकही हात मोकळा नव्हता.

"कात्री आण. शिलाई मशीनवरची, मोठी."

ताई कात्री घेऊन आली आणि जागीच थिजली. "बाळ रडतंय, आई."

"रडू दे बाळाला. पट्टा काप."

"मला नाही जमणार. तिला लागेल."

"जमेल. डोळे मिटू नकोस. माझ्याकडे नको, पट्ट्याकडे बघ. घंटीशेजारून घाल."

कात्रीचं थंडगार पातं मला घासून गेलं. गळा आणि पट्टा यांच्यात ते शिरायलाच तयार नव्हतं. ताईने ते तिरकं करून कसंबसं आत सरकवलं. तिने दोन्ही हातांनी मूठ दाबली. चामडं कुरकुरलं, थोडं चिरलं, थांबलं. तिने पुन्हा दाबलं. दात-ओठ खाऊन दाबलं.

पट्टा तुटला. मी दुलईवर पडले, आणि भुरी आईच्या तळहातावर, ओल्या फडक्यासारखी.

ती हलेना. ताई तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन नुसती "भुरू, भुरू" करत राहिली. मग भुरीच्या फासळ्या एकदा वर आल्या. खोकला आला. आणि तिने डोळे उघडून रडणाऱ्या बाळाकडे अशा काही वैतागाने पाहिलं, की आई फळी खाली ठेवून तिथेच फतकल मारून बसली आणि हसता हसता रडायला लागली.

संध्याकाळी बाबा बराच वेळ मला हातात घेऊन बसले होते. पिनेने त्यांनी उरलेला कापूस काढला.

पुढे बुलबुलांसाठी मला पुन्हा बांधायचं ठरलं, पण दुसऱ्या तऱ्हेने. आई आणि ताई काकांकडे गेल्या. ओढलं की तुटेल असा पट्टा हवा, हे ऐकून काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"वहिनी, उभा जन्म लोक माझ्याकडे पक्की शिलाई मागायला येतात. कच्ची मागणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच!"

"कच्चीच हवी, काका," ताई म्हणाली, आणि तिने घरात काय झालं ते सगळं सांगितलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला. मग कापडाची मऊ पट्टी घेतली आणि एका जागी जुन्या धाग्याचे दोनच टाके घातले. "मी शिवलाय म्हणून कुणाला सांगू नका," एवढंच पुटपुटले. घरी आईने आणखी एक नियम केला. घरट्यात पिल्लं असतील तोवर भुरीने गॅलरीत जायचं नाही. दार बंद. एकट्या घंटीच्या भरवशावर राहायचं नाही.

तो कच्चा पट्टा बरेच दिवस टिकला. मग एकदा गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागून जाताना तो पाइपाच्या खिट्टीत अडकला. भुरीने मान झटकली. टाके तटकन तुटले आणि ती मागे वळूनही न बघता निघून गेली. मी घरंगळत टाकी आणि भिंतीच्या फटीत येऊन पडले. इथे हात पोहोचत नाही. ऊन येत नाही. वारा येतो, पण मला हलवण्याइतका नाही. त्या दिवशी खालून ताईची हाक ऐकू आली होती, "आई, भुरी आली! पट्टा नाहीये गळ्यात!" आणि आईचं उत्तर, "जाऊ दे गं पट्टा. मांजर आली ना?"

कधीकधी भुरी या टाकीवर उन्हात झोपते. तिची चाहूल मला लागत नाही, फक्त ती घुरघुरली की टाकीचा पत्रा थरथरतो.

मित्रांनो, तुम्ही आपल्या मांजराच्या गळ्यात घंटी बांधावी की नाही, हे मी कशी सांगू? मी पिल्लं वाचवली आहेत आणि एक गळाही आवळला आहे. बांधणार असाल तर गळ्याशी दोन बोटं सहज जातात का, ते आठवड्या-पंधरवड्याला बघत जा. मांजर वाढतं, पट्टा वाढत नाही. घंटी नको झाली तर तिचं तोंड बंद करू नका, तिला काढून ठेवा. आणि नवा पट्टा आणलात की तो आधी हातात धरून जोरात ओढा. तुटला, तर तसलाच दुसरा आणून खुशाल बांधा. नाही तुटला, तर मात्र तो बॅगेलाच राहू द्या.