क्षमेचा पाव

या, जरा चुलीजवळ सरका. आपल्या डोंगरात डांबरी सडक नव्हती तेव्हाची गोष्ट सांगतो, क्षमा मागायला सायकलींवरून आलेल्या एका जोडप्याची.

अबुंदिओ कुंभाराची लेक एर्मिनिया सिरिलोबरोबर पळून गेली. त्यात नवल नव्हतं. आपल्याकडे निम्मे संसार असेच सुरू होतात. मग मुलाने पाव, चॉकलेट आणि जिवंत टर्की घेऊन सासऱ्याच्या दारात यायचं, जाणत्या माणसाने क्षमेचं मागणं गाऊन मांडायचं, आणि बापाने टोपली उचलून आत नेली की सगळं मिटलं. पण सिरिलो लांब उसाच्या मुलखात कामाला लागला आणि दोन वर्षं फिरकलाच नाही. लेकीचा विषय निघाला की अबुंदिओ उठून जायचा. आणि एर्मिनियाचा हट्ट, की बापाने क्षमा केल्याशिवाय देवळात लग्न लावायचं नाही.

मागणं गायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. आधी देवाला नमन, मग आदाम आणि एव्हाची कथा, मग येशूची दया, आणि शेवटी टोपलीतल्या एकेका जिनसाचं वर्णन. ऐकताना कठोर माणसंही नाक शिंकरायची. आता असं गाणं कुठे ऐकू येतं?

एका दुपारी धुळीने माखलेल्या दोन सायकली माझ्या अंगणात शिरल्या. सिरिलोच्या मागे टर्की बांधलेली, एर्मिनियाच्या मागे भली मोठी टोपली. मी फडकं उचलून पाहिलं. आत चॉकलेट आणि एकुलता एक पाव.

"पोरी, बाकीचे पाव कुठेत?"

"वाटेत गेले, काका."

"सांडले?"

"दिले. प्रत्येक गावात कुणी ना कुणी हाक मारून बसवायचं, घेवडा आणि गरम भाकरी वाढायचं. त्यांचं ताट रिकामं कसं परत करायचं?"

"मी हिला म्हणत होतो, हात जरा आखडता घे," सिरिलो म्हणाला.

"हो का? आणि उतारावर तू तोंडावर आपटलास, तेव्हा त्या विधवेने जखम धुतली, तिला दोन पाव कुणी काढून दिले?"

सिरिलो टर्कीचं पाणी बघायला गेला.

"कसला पाव आहे ते सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं की. क्षमेचा पाव गुपचूप कसा खाऊ घालू?"

मी कपाळाला हात लावला. हा पाव जो खातो, त्याने त्या क्षमेसाठी देवाकडे प्रार्थना करायची असते. आणि खायचा असतो तो बापाच्या नातलगांनी.

संध्याकाळी आम्ही अबुंदिओच्या दारात उभे राहिलो. तो माठाला हात फिरवत बसला होता, मान वर केली नाही. मी गाऊ लागलो. येशूच्या दयेपर्यंत सूर छान लागला. पुढे पावाचं कडवं आलं आणि गाणं अडलं. भरलेली टोपली कशी गाऊ? देवाच्या नावाने सुरू केलेल्या गाण्यात खोटं शिरत नाही. मग जिथे पाव गेले, एर्मिनियाने सांगितलेली तीच घरं मी गायलो. उतारावरची विधवा, नदीकाठचा मेंढपाळ, शाळेजवळची म्हातारी बहीणभावंडं.

"थांब," अबुंदिओ म्हणाला. "मेंढपाळ म्हणजे लासारो?"

"तोच, बाबा," एर्मिनिया म्हणाली. "तुमच्यासाठी प्रार्थना करतो म्हणाला."

"म्हणजे इथपासून उसाच्या मळ्यांपर्यंत सगळा डोंगर माझ्या नावाने देवाचा दरवाजा ठोठावतोय?"

"तसंच दिसतंय," मी म्हणालो.

"माठ विकायला मी त्याच वाटेने जातो. प्रत्येक दारात विचारतील मला."

"विचारतीलच."

अबुंदिओने हाताची माती पुसली, तो उठला, आणि त्याने टोपली उचलली. सहज एका हाताने, हलकीच तर होती. उंबऱ्यात थांबून, पाठमोराच म्हणाला, "सायकली आत घ्या. बाहेर राहिल्या तर बकऱ्या टायर कुरतडतात."

एर्मिनिया दोन्ही सायकली एकदमच ओढू लागली.

ती दोघं म्हातारी होऊन गेली, पोरं उत्तरेला सीमेपार स्थिरावली. अबुंदिओच्या कबरीवर आता कुणी येत नाही. मृतांच्या दिवशी गेलेल्या माणसांसाठी घरी झेंडू मांडाल, तेव्हा एक मेणबत्ती त्या कुंभारासाठीही लावा, बाळांनो. एवढी आठवण ठेवा त्याची.