कानवाल्यांचा कान

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता सासऱ्यांनी उजव्या कानातलं यंत्र काढलं, मग डाव्या कानातलं काढलं आणि दोन्ही समोरच्या बशीत ठेवली. बशीत थोडा चहा सांडलेला होता. मांडीवर गिटार घेऊन बसलेल्या जावयाला आधी यंत्रांची काळजी वाटली, मग सासऱ्यांची. हा क्रम त्याला नंतर टोचत राहिला.

जावई पेशाने ऑडिओलॉजिस्ट. लोकांना काचेच्या खोलीत बसवायचं, बारीक-मोठे आवाज ऐकवायचे, कुठला ऐकू येतो नि कुठला नाही ते बघायचं आणि शेवटी कानामागे बसणारं यंत्र हातात द्यायचं, हा त्याचा रोजचा धंदा. सासरी त्याला तोंडावर 'जावईबापू' आणि पाठीमागे 'कानवाले' म्हणत. सासरे एकटेच तोंडावरही कानवाले म्हणायचे.

आपला कान तयार आहे, याबद्दल कानवाल्यांच्या मनात शंका नव्हती. कॉलेजात ते बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवत. त्या बँडमधल्या चौघांनी मिळून जेवढा आवाज केला, त्यावर पुढे एखादा कानाचा दवाखाना सहज चालला असता. अॅम्प्लिफायरचं बटण ज्या दिवशी कुणीतरी शेवटपर्यंत फिरवलं, त्या दिवशी गिटारचा जन्म झाला असं त्यांचं ठाम मत होतं. त्याआधीची गिटार म्हणजे छातीशी धरून फोटो काढून घेण्याची वस्तू.

आणि सासरे नेमके त्याआधीच्या गिटारचे. तीस वर्षं ते एका हॉटेलच्या डान्स ऑर्केस्ट्रात साथीची गिटार वाजवत होते. पुढे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, मागे ड्रम, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर हे. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. "मी वाजवतोय हे कुणाला ऐकू यायचं नाही," ते सांगायचे. "मी थांबलो की मात्र नाचणाऱ्यांचे पाय अडखळायचे."

सासूबाई गेल्यापासून त्यांचं ऐकणं झपाट्याने उतरलं. किटलीची शिट्टी ऐकू न आल्यामुळे दोन किटल्या जळाल्या. फोन वाजून वाजून गप्प बसायचा. दाराच्या घंटीला त्यांनी एक लाल दिवा जोडून घेतला होता आणि आता आपलं सगळं छान चाललं आहे, असं ते म्हणत. हळूहळू तेही म्हणेनासे झाले. बोलणंच कमी झालं. यंत्राचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: "लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करू?"

बायको शाळेत भूगोल शिकवायची. नद्या कुठून निघून कुठे जातात हे ती जसं एका दमात सांगायची, तसंच तिने हेही सांगितलं. "सगळ्या गावाचे कान उघडतोस ना? एकदा माझ्या बापाच्या कानात यंत्र बसवून दाखव. नाहीतर असेच एक दिवस ते पूर्ण गप्प होतील, आणि आपल्याला कळणारही नाही."

तोडगा सासऱ्यांनीच काढला. "तुम्ही माझ्या कानात काहीतरी घालणार. मग मी तुमच्या कानात काय घालू? एक तास मी तुमचं यंत्र घालतो, तो एक तास तुम्ही माझ्या रेकॉर्डी ऐका. तुम्ही उठलात की मी काढणार."

मग दर मंगळवारी कानवाले दवाखाना लवकर बंद करून सासऱ्यांकडे जाऊ लागले. सासऱ्यांचा ग्रामोफोन चावीचा होता. चावी द्यायची, सुई ठेवायची, बस. त्याला दुसरं बटण नव्हतं. पहिल्या मंगळवारी कानवाल्यांना सगळ्या रेकॉर्डी एकच वाटल्या: कढईत काहीतरी तडतडतंय आणि पलीकडच्या खोलीत कुणीतरी वाद्य वाजवतंय. सासऱ्यांचीही तक्रार होती. "तुमच्या यंत्रात मला माझंच चावणं ऐकू येतं. हे ऐकायला एवढा खटाटोप?"

"सवय होईल, बाबा."

"तुम्हालाही होईल," सासरे म्हणाले आणि त्यांनी रेकॉर्ड उलटली.

झालीही. तिसऱ्या-चौथ्या मंगळवारी कढईच्या मागचा माणूस दिसायला लागला. ट्रम्पेटवाला श्वास घ्यायला थांबायचा आणि तेवढ्या फटीतून गिटारवाला डोकं बाहेर काढायचा. विजेची गिटार यायच्या आधीची ही माणसं. हातात नुसतं लाकूड नि तारा, आणि समोर पितळी वाद्यांची भिंत. कुणी ठोका सोडून एकेका तारेवर बोलायला शिकला, कुणी दुसरा गिटारवाला शेजारी घेऊन बसला, म्हणजे निदान एकमेकांचं तरी ऐकू येईल. कानवाल्यांना हे सगळं एकदम आवडलं. नवा भक्त देवळाच्या पुजाऱ्यालाच आरती शिकवतो, तसं ते घरी येऊन बायकोला जुनी जाझ गिटार समजावून सांगू लागले. तिचं सगळं बालपण त्याच गिटारीत गेलं होतं, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

सासरे कौतुक करत नसत. फार तर म्हणत, "एका बाजूला तीन मिनिटं मावतात. तीन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते सांगण्यासारखं नसतं." एका मंगळवारी मात्र त्यांनी कपाटातून एक रेकॉर्ड काढली, फडक्यात गुंडाळली आणि जावयाच्या हातात दिली. दोन गिटारी, बाकी कुणी नाही. "ही आपण इथे ऐकायची नाही. घरी न्या, एकट्याने ऐका. तुम्हाला कान आहे की नुसता दवाखाना, ते कळेल."

घरी कानवाल्यांचा स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर होता. त्याला दोन वेग: तेहतीस आणि पंचेचाळीस. मोठी रेकॉर्ड असेल तर तेहतीस, लहान असेल तर पंचेचाळीस, हा हिशेब त्यांना पाढ्यासारखा पाठ होता. सासऱ्यांची रेकॉर्ड त्यांच्या मोठ्या रेकॉर्डींपेक्षा दोन बोटं लहान भरली. त्यांनी पंचेचाळीसचं बटण दाबलं.

आणि त्यांच्या अंगावर काटा आला. काय तो खर्ज. दोन पोक्त माणसं रस्त्याने थांबत थांबत बोलत चालली आहेत आणि कुणालाच घरी पोचायची घाई नाही, असं ते वादन. कानवाल्यांनी डोळे मिटले. स्वर जुळवायला गिटार घेतली तर एकही स्वर जुळेना. प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी. दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. कानवाल्यांनी सिद्धांत मांडला: त्या काळचे थोर वादक मुद्दाम दोन स्वरांमधली फट धरून वाजवत. त्यांनी दुकानात जाऊन सगळ्यांत जाड तारा आणल्या. कॉलेजच्या बँडमधल्या मित्राला फोन करून 'विलंबित जाझ' हा शब्द ऐकवला. काचेच्या खोलीत बसलेल्या एका पेशंटलाही ऐकवला. बिचाऱ्याच्या कानावर हेडफोन असल्यामुळे तो वाचला. रेकॉर्ड पाच मिनिटांहून जास्त चालते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. हा तुकडा जरा ऐसपैस आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

जमेल तेवढा तो तुकडा त्यांनी एका गिटारीवर बसवला. त्यासाठी मधले दोन मंगळवार पेशंटचं निमित्त सांगून बुडवले. तिसऱ्या मंगळवारी गिटार घेऊन गेले, सासऱ्यांच्या कानात स्वतःच्या हाताने यंत्रं घातली, यंत्रांत संगीतासाठी वेगळी ठेवलेली व्यवस्था सुरू केली आणि वाजवलं.

सासरे पुढे वाकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बरं आहे. कुणाचं?"

"तुमचंच. तुम्ही दिलेली रेकॉर्ड."

"ही?"

"हीच."

"नाही हो."

इथे कानवाल्यांनी 'नाही कसं?' असा विचार करायला हवा होता. त्यांनी अपमान मानून घेतला. "बाबा, सूरन् सूर तोच आहे. माझं कामच ते आहे. थांबा, परत वाजवतो, नीट ऐका." आणि सासऱ्यांना नीट ऐकू यावं म्हणून या वेळी आणखी हळू वाजवलं.

सासरे ऐकत राहिले. कपाटाकडे बघितलं, ग्रामोफोनकडे बघितलं. "ही रेकॉर्ड मी लग्नाआधी घेतली," ते म्हणाले. "झोपेत ऐकली तरी ओळखेन, असं मला वाटत होतं."

"कधी कधी होतं असं. नुसता कान नसतो, आवाज ओळखण्याचं काम मेंदू करतो. आपण परत एकदा सगळी तपासणी करून घेऊ."

"कशाला? तुम्हाला ऐकू येतंय, मला येत नाही. तुम्ही कानवाले. तुम्ही सांगितलंत, झालं." आणि मग त्यांनी यंत्रं बशीत ठेवली.

बुधवारी संध्याकाळी बायको वह्यांचा गठ्ठा घेऊन घरात आली, तेव्हा कानवाले रेकॉर्ड लावून बसले होते. आपलं काही चुकलं नाही, हे त्यांना परत एकदा ऐकायचं होतं.

"हे काय लावलंयस? कुणी गेलं का?"

"बाबांची रेकॉर्ड आहे. दोन गिटारींची."

"कुठली?" ती जवळ आली, लेबल फिरत होतं ते मान वाकडी करून वाचलं. "ही? अरे, ही आमची शाळेच्या घाईची रेकॉर्ड. आई वेणी घालायची, बाबा ही लावायचे. संपायच्या आत पायात बूट पाहिजेत." तिने वह्या खुर्चीवर टाकल्या, लेबलवर बोट टेकवलं आणि रेकॉर्ड जोरात फिरवली. दोन पोक्त माणसं एकदम पोरं झाली आणि धावत सुटली. "अशी," ती म्हणाली.

जुन्या रेकॉर्डी अठ्ठ्याहत्तरच्या वेगाने फिरतात, हे कानवाल्यांना माहीत होतं. देवमासा पिलांना दूध पाजतो हेही त्यांना माहीत होतं. दोन्हींचा कधी उपयोग झाला नव्हता.

"काल बाबांना काय म्हणालास?"

त्यांनी सांगितलं. मेंदूचं वाक्य गाळायचा प्रयत्न केला, पण तिने तेही काढून घेतलं. ती वह्यांवरच बसली.

"म्हणजे चूक तुझी, आणि त्यांना त्यांचीच रेकॉर्ड ओळखता येत नाही, असं तू त्यांना पटवून आलास."

"फोन करतो लगेच."

"कर. बशी उचलेल."

गुरुवारी दवाखाना सुटल्यावर कानवाले रेकॉर्ड काखेत धरून सासऱ्यांच्या दारात उभे राहिले. घंटी दाबली, आत लाल दिवा लागला असावा, कारण दार उघडलं. सासऱ्यांच्या कानांत काही नव्हतं.

"बाबा, माझी चूक झाली," जावई मोठ्याने म्हणाला.

"काय?"

"वेग चुकला. वेग."

"भेग?" सासऱ्यांचा हात दारावरच थांबला. "रेकॉर्डला भेग पाडलीत?"

"भेग नाही, वेग."

"कुठे आहे भेग? बघू."

खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात आल्या आणि त्यांनी वर बघून सांगितलं की भेग पडली असेल तर चिकटवता येणार नाही, त्यांच्या नणंदेने एकदा प्रयत्न केला होता. सासऱ्यांनी रेकॉर्ड फडक्यातून सोडवली, खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरून गोल गोल फिरवली. एक बाजू, मग दुसरी. भेग सापडेना. पण जावयाच्या तोंडावरचा अपराध खरा दिसत होता, त्यामुळे त्यांनी आणखी एकदा फिरवून बघितली.

शेवटी कानवाल्यांनी ती त्यांच्या हातातून हलकेच घेतली, ग्रामोफोनवर ठेवली, चावी दिली आणि सुई टेकवली.

त्या योग्य वेगात कानवाल्यांनी ती पहिल्यांदाच पूर्ण ऐकली. दोन गिटारी एकमेकींच्या हातातून शब्द हिसकावून घेत होत्या, मधेच थांबून हसत होत्या, परत पळत होत्या. हे आपल्या बोटांना या जन्मी जमणार नाही, हे त्यांना लगेच कळलं. आणि आपले ते दोन पोक्त वादक कुठेच नव्हते. गेले काही आठवडे आपण ज्यांच्या प्रेमात पडलो होतो, ते कधी जन्मलेच नव्हते, आणि तरी त्यांची आठवण येत होती. सासऱ्यांनी ग्रामोफोनच्या पेटीवर तळवा टेकला होता. खुर्चीखाली त्यांचा पाय हलत होता. एक-दोन-तीन-चार.

रेकॉर्ड संपली. जावई त्यांच्या उजव्या कानाशी वाकला. "बाबा, मी हळू लावली होती. हळू. तुमचे कान बरोबर होते. चूक माझी होती."

सासऱ्यांनी मान डोलावली.

ही मान कानवाले रोज बघत. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण ती घेऊन येतो: काही ऐकू आलेलं नसतं, परत विचारायची लाज वाटते, आणि मग माणूस सगळ्याला अशी सावकाश, समजूतदार मान डोलावतो. पण खरोखर ऐकू आलेला समजूतदार माणूसही नेमकी तशीच डोलावतो.

"यंत्रं कुठे आहेत?" त्यांनी कानाजवळ बोट नेऊन विचारलं. टेबलावर बशी होती, धुतलेली, रिकामी.

"संत्रं?" सासरे म्हणाले. "संत्री नाहीत. केळी आहेत."

खरंच तसं ऐकू आलं की म्हातारा थट्टा करतोय, हे चेहऱ्यावरून कळेना. कानवाल्यांनी केळं खाल्लं. सासऱ्यांनी रेकॉर्ड फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. ती परत न्या, असं काही ते बोलले नाहीत.

शनिवारी सकाळी दवाखान्यात पहिला पेशंट यायच्या आधी कानवाल्यांनी कॉम्प्युटर लावला. ती यंत्रं रोज किती वेळ चालू होती, हे तिथे बसून बघता येतं. बुधवार कोरा होता, म्हणजे यंत्रं बंद करून ठेवलेली होती. गुरुवारी रात्री, ते निघून गेल्यानंतर, यंत्रं थोडा वेळ चालू होती. शुक्रवारी सकाळभर चालू होती, संगीताच्या व्यवस्थेवर. त्यांनी बायकोला फोन केला.

"घातलीत का त्यांनी?"

"चालू आहेत."

"चालू म्हणजे कानात?"

"ते यात दिसत नाही. कानात असली तरी चालू दिसतात, बशीत असली तरी."

"थांब," ती म्हणाली, आणि मधल्या सुट्टीत तिने वडिलांना फोन लावला. फोन एंगेज होता.