उसवायची बटणं

शिंप्याच्या घरात सून म्हणून आल्यापासून म्हातारीचा हात कधी रिकामा राहिला नव्हता. नवरा गेला, दुकान मुलाकडे आलं, तिच्या डोळ्यांवर पडदा आला. तरी शर्टांना बटणं लावायचं काम तिचंच. सून सुया ओवून ठेवायची. म्हातारी खिडकीशी बसून टाक्यागणिक देवाचं नाव घ्यायची आणि जेवताना म्हणायची, "चला, आजचा घास हक्काचा."

त्या दिवशी बटणाची जागा चाचपताना तिचं बोट कापडातून आरपार गेलं. भोवती सुईची भोकंच भोकं.

"सूनबाई, हल्ली गिऱ्हाइकं जुनेरं आणून देतात का गं, नवा शर्ट म्हणून?"

सून हात पुसत आली. शर्ट पाहून थबकली.

"बोल की. मूग गिळलेस का?"

"एकच शर्ट आहे, आई. रोज हाच. दुपारी तुमचा डोळा लागला की मी उसवते."

"आणि दुकानातले?"

"मशीनवर लावतो. तुमची बटणं काजासमोर येईनात. गिऱ्हाइकं भांडायला लागली. ह्यांनी एकदा सांगून पाहिलं, तर तुम्ही ताट सारून उठलात."

म्हातारी बराच वेळ कापड कुरवाळत राहिली. मग हसली.

"म्हणजे मी लावायची नि तू उसवायची. बरा धंदा आहे गं आपला! बरकत तेवढी नाही."

सुनेला हसू फुटलं आणि डोळेही भरले. "पुरे आता, आई. जन्मभर राबलात. स्वस्थ बसा, नामस्मरण करा."

"नुसतं बसून येत नाही गं मला ते."

तरी तिने संध्याकाळी बसून पाहिलं. बोटं मांडीवरचं कापड चिमटत राहिली. देवाचं नाव एकदा आलं, मग कुठे गेलं कोण जाणे. रात्री ती जेवली नाही.

सकाळी तिने स्वतःच शर्ट मागितला. सुनेने भोकाखाली ठिगळ लावलं होतं. बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन गाठ आवळायची म्हातारीची जुनी रीत. आज तिने एकही गाठ मारली नाही.

दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडली. झोप नव्हतीच. बाहेरच्या खोलीत सुनेने दोरा ओढला, आणि बटणं एकामागून एक डब्यात पडल्याचं तिने ऐकलं.