मलमाचे सहा आठवडे

"बाबा, दहा मिनिटांचं काम आहे," लॅपटॉपवरची नजर न हलवता अभिनव म्हणाला. "लेझर. कंपनीच्या पॉलिसीत कॅशलेस बसतंय. तारीख घेऊ?"

उत्तरेश्वररावांनी पेपर आणखी वर धरला.

काम कसलं, हे घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मधुमेहापायी त्यांची पुढची कातडी आखडत चालली होती, लघवीला आग होत होती, आणि हडपसरच्या एका नव्या चकचकीत रुग्णालयानं ती कातडी काढून टाकायचा सल्ला दिला होता. रिपोर्ट इंग्रजीत होता, म्हणून बापलेकांना तो एकमेकांसमोर वाचता आला. मराठीत असता तर दोघांपैकी एकाला घर सोडावं लागलं असतं.

तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. आयटीवाल्यांच्या वडिलांची तिथं बरीच गर्दी होती.

उत्तरेश्वरराव पाणीपुरवठा खात्यात नळजोडाचे अर्ज तपासत. शेजारच्या टेबलावर रशीदभाई बसायचे. जेवणाच्या सुट्टीत यांनी धीर करून विचारलं, "रशीदभाई, खाजगी आहे. फार दुखतं का हो?"

रशीदभाईंनी डबा बंद केला. "मला काय आठवणार? माझ्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारतायत ना? मग अजून एका डॉक्टरला दाखवा."

अजून एक डॉक्टर म्हणजे बुधवार पेठेतले ओगले. खाली रेडिओचं दुकान, वर दवाखाना. त्यांनी तपासलं, हात धुतले.

"कोण म्हणालं कापा?"

"मोठे सर्जन आहेत."

"असतील. कातडी कडक होऊन व्रण पडले असते तर मीही तेच म्हणालो असतो. तुमची अजून मऊ आहे. हे मलम दोन वेळा लावायचं, सहा आठवडे. हलकेच मागं घ्यायची, जोर करायचा नाही. साखर आटोक्यात ठेवा. नाही जमलं तर ऑपरेशन कुठं पळून जातंय?"

"पण डॉक्टर, मलम पॉलिसीत बसत नाही."

"मग कापून घ्या. पॉलिसीला वाईट वाटायला नको."

त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंनी त्याच संध्याकाळी साखरेचा डबा शेजारी नेऊन दिला. "अहो, अंगाचं काही वाचवायचंय ना? मग शिरा मागायचा नाही."

"अगं, हळू बोल."

"हळूच बोलतेय. शेजारी मी कारण नाही सांगितलं."

रोज सकाळी दोघं आयटी पार्कच्या कुंपणाला फेऱ्या मारू लागले. चौथ्या आठवड्यात आग थांबली. सहाव्यात ओगले म्हणाले, "छान. साखर सांभाळा. आता उगाच तोंड दाखवायला येऊ नका."

राहिलं होतं फक्त मुलाला सांगणं. सांगायचं तर शब्द वापरावे लागणार होते. त्यामुळे ठरल्या दिवशी बरे झालेले उत्तरेश्वरराव उपाशीपोटी, पिशवी घेऊन, मुलाच्या गाडीत बसले.

काउंटरवरच्या मुलीनं हिरवा गाऊन पुढं केला. "सर, चेंज करून घ्या."

गाऊनला मागून नुसत्या दोन नाड्या होत्या. उत्तरेश्वररावांनी तो घडी मोडू न देता परत सरकवला. "मला करायचं नाही."

"बाबा! अप्रूव्हल आलंय!"

"आलं असेल. मी बरा झालोय."

अभिनवनं इकडंतिकडं पाहिलं. "म्हणजे... ते?"

"तेच. मलमानं."

"मलमानं? मग घरी का नाही बोललात?"

"तू विचारलंस का कधी, 'बाबा, कसं आहे?'"

अभिनव लाजला, मग त्याला हसू फुटलं. मुलीला मात्र हसायची सोय नव्हती. नकाराचा फॉर्म तिनं पुढं केला. "रीझन टिक करा, सर. त्याशिवाय सिस्टिम क्लोज होत नाही."

कारणं चार होती : आर्थिक अडचण, नातेवाइकांचा विरोध, भीती, दुसऱ्या रुग्णालयात हलवणे.

उत्तरेश्वररावांनी चष्मा लावून चारही वाचली. "पट्टी आहे?"

"पट्टी?"

तिनं कुठूनशी शोधून दिली. चौथ्या कारणाखाली त्यांनी मापात एक चौकोन आखला. पुढं स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'रुग्ण बरा झाला'. चौकोनात खूण केली, फॉर्म तिच्या बाजूला फिरवला आणि म्हणाले, "याची पोच द्या."