शेणकिड्याच्या पोटावरचं बदक

अमर व्हायला माणसाला एकच गोष्ट लागते : शेणकिडा.

तोही दगडी. राजवाड्याच्या कारखान्यात मी आयुष्यभर तेच कोरले. महाराजांनी सिंह मारले, कोर किडा. महाराजांचं लग्न झालं, कोर किडा. राणीसाहेबांसाठी तळं खोदलं (तेही दुसऱ्यांनी), कोर किडा. वर पंख, खाली सपाट पोटावर मजकूर. हे किडे पार परमुलखातल्या राजांकडे नजराणा म्हणून गेले. एकावरही पाशेदू हे माझं नाव नाही. मेल्यावर ज्याचं नाव कुणी वाचत नाही तो दुसऱ्यांदा मरतो. मला एकदाच पुरे होतं.

म्हणून निवृत्त होताना मुकादमाने दिलेला मऊ दगडाचा तुकडा घेऊन मी अंगणात बसलो.

"कसला पराक्रम कोरताय?" माझी बायको हेनूत विचारती झाली.

"कांद्याच्या वाफ्यातून पाणघोडा हुसकावला होता, तो."

"हुसकावला? अहो, पोट भरलं म्हणून गेला तो. तुम्ही छपरावर होतात."

"छपरावरून हुसकावला."

"मग छप्परही कोरा."

मी कोरायला लागलो. आता, आमच्या धंद्यात मजकूर सुरू होतो तो महाराजांच्या नावाने. त्यांना नावं पाच. प्रत्येक नावाला बिरुदं. मग राणीसाहेब, मग त्यांचे आईवडील. हात सवयीने चालत राहिला, आणि काय झोकात चालला! राणीसाहेबांच्या आईचं नाव संपवून पाहिलं, तर तळाशी एक पक्षी बसेल एवढीच जागा.

महाराजांचं नाव खरवडावं, तर मुंडकं जाणार. दुसरा दगड नाही. नशिबाने आमची अक्षरं म्हणजे चित्रं, आणि माझं नाव बदकाच्या चित्राने सुरू होतं. बदक कोरलं. उरलेला मी, पाणघोडा आणि कांदे बाहेरच राहिलो.

झिलई चढवून भट्टीत घातलेला किडा निळाशार होऊन निघाला. हेनूतला वाचता येत नाही. तिने तो उन्हात धरला.

"यात तुम्ही कुठे?"

मी बदक दाखवलं.

"मान हुबेहूब आलीय," ती म्हणाली. मग बदकावर अंगठा ठेवून, हळूच, "पाशेदू."

वाचलं गेलं होतं नाव.

"अहो," ती म्हणाली, "हत्यारं बाहेर आहेत तोवर दळायच्या पाट्याला जरा टाकी लावून देता का? पीठ फार जाडंभरडं येतंय."